रानपाखरूची मुकी पैज

गगनभेदी कंपनीच्या धुरंधरशेटनी बोरटेंभी गावातली दोन रेडिओ केंद्रं एका दमात विकत घेतली आणि तिथल्या निवेदकांना त्याच दिवशी घरी पाठवलं! आता दोन्हीकडे राजधानीत बसलेला एकच गुळगुळीत आवाज बोलायचा. तो रोज सकाळी सांगायचा, "मंडळी, पुलावर गर्दी आहे, दुसऱ्या रस्त्यानं जा!"

बोरटेंभीच्या नदीला पूलच नव्हता. तरी भिवाआजोबा दोन दिवस शेताकडे फिरकले नाहीत. रेडिओवर सांगितलंय म्हटल्यावर उगाच कशाला जा!

उरलं होतं तिसरं केंद्र, 'रानपाखरू'. त्याचे म्हातारे मालक दिगंबरपंत थकले होते. शेट स्वतः करार घेऊन आले आणि पंतांनी पेनाचं टोपणही काढलं. तेवढ्यात रानपाखरूची निवेदिका, कासारांची गजरा, मध्ये आली.

"शेट, केंद्र घ्या, पण आम्हाला काढू नका. गावाला गावाचं माणूस लागतं!"

शेट हसले. "पोरी, लोकांना बोलणारा आवाज लागतो. तो कुणाचा का असेना!"

"असं कसं? तुमच्या आवाजाला आमचं गाव कुठं ठाऊक आहे? गाव ठाऊक असलं ना, तर न बोलतासुद्धा सगळ्यांचे कान ओढून घेता येतात!"

"न बोलता?" शेटचे डोळे चमकले. त्यांना पैजेचा भारी नाद. "मग करून दाखव! उद्या दिवसभर रानपाखरूवर एक शब्द नाही, गाणं नाही, वाद्य नाही, घंटा नाही, भोंगा नाही. आणि तरी ते ऐकून बाजारातल्या प्रत्येकानं हातातलं काम टाकलं पाहिजे. सूर्य मावळेपर्यंत जमलं नाही, तर पंत सही करतील आणि तू बांगड्या विकशील!"

"आणि जमलं तर?"

"तर मागशील ते देईन!"

"ठरलं!" गजरा म्हणाली. पंतांच्या हातून पेन गळून पडलं.

पैजेची बातमी रात्रीतून गावभर झाली. सकाळी बाजारातल्या प्रत्येक दुकानात रेडिओ रानपाखरूवर लावून ठेवलेला! पण ऐकू काय यावं? नुसती खरखर. मधूनच एखादी चिमणी.

"झोपली की काय गजरा?" किराणावाले विचारायचे.

"अहो, घोरली तरी वाद्य धरतील!" शिंपी म्हणायचा.

गजरा झोपली नव्हती. माईकची लांबलचक वायर ओढत ती केंद्राच्या परसात आली होती आणि एका ठिकाणी पाटावर मांडी घालून बसली होती. दुपार झाली. ऊन कलायला लागलं. पंत दारातून हातवारे करून विचारायचे, "काय गं?" ती ओठांवर बोट ठेवायची. मनातून मात्र तिचीही चलबिचल होत होती. आज नाही झालं तर? तिच्यासकट सगळ्यांच्याच भाकरीचा प्रश्न होता.

इकडे धुरंधरशेट खुशीत होते. सूर्य डोंगराला टेकायला आला तसे ते बाजारात सखाहरी न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसले. "कर रे दाढी! सहीच्या वेळी फोटो काढायचाय!"

सखाहरीनं भरपूर फेस केला. शेटचे दोन्ही गाल पांढरेशुभ्र झाले. वस्तरा सरसर चालला, उजवा गाल लख्ख झाला. सखाहरी डावीकडे वळला, आणि तेवढ्यात रेडिओतून आवाज आला.

"फुस्स्स!"

वस्तरा हवेतच थांबला. किराणावाल्यांचा तराजू थांबला.

"फुस्स... खर्रर्र... ठक ठक... भळ्ळ्!"

आणि मग हंड्यात पडणारी धार! धो धो धो!

"नळ आला!" बाजारात कुणीतरी बोंबललं.

झालं! बोरटेंभीला पाणी यायचं चार-पाच दिवसांतून एकदा, तेही पाणीवाल्याला लहर येईल तेव्हा आणि जेमतेम अर्धा तास. आज पाचवा कोरडा दिवस, हे गजरानं मोजून ठेवलं होतं! रानपाखरूच्या परसातला नळ टाकीच्या अगदी पायथ्याशी, म्हणून पाणी आधी तिथं पोचायचं. शिंप्यानं गिऱ्हाइकाचं माप अर्धवट सोडलं आणि टेप गळ्यात तशीच घेऊन तो पळाला. भजीवालीनं कढई उतरवली, पदर खोचला आणि सुसाट निघाली. भिवाआजोबा काठी विसरून धावले! शेटचा ड्रायव्हरसुद्धा गाडीतला डबा घेऊन गर्दीत घुसला.

"अरे सखाहरी! माझा गाल!" शेट ओरडले.

"आलोच शेट! घरी घोटभर पाणी नाही!" वस्तरा शेटच्याच हातात देऊन सखाहरी दिसेनासा झाला.

रिकाम्या बाजारात शेट एकटेच! तसेच तणतणत ते रानपाखरूच्या परसात शिरले. गजरानं माईक केव्हाच बंद केला होता आणि भरलेला हंडा बाजूला करून ती कळशी लावत होती.

"ही लबाडी आहे!" शेट गरजले.

"शब्द होता?"

"नाही."

"गाणं, वाद्य, घंटा, भोंगा?"

"नाही! पण प्रत्येकानं काम टाकलं, हे कशावरून? कुणीतरी राहिलंच असेल कामाला! आहे पुरावा?"

गजरानं हंडा त्यांच्यापुढे सरकवला. "वाकून बघा शेट! ज्या गावातला न्हावी तुमच्यासारख्याला अर्ध्या दाढीवर सोडून पळतो, तिथं कामाला राहिलंय कोण?"

शेटनी वाकून पाहिलं. पाण्यात एक गाल लख्ख, एका गालावर फेसाचा डोंगर आणि हातात वस्तरा! आधी त्यांच्या मिशा थरथरल्या, मग पोट. मग ते असे काही खदखदा हसले की फेस उडून पंतांच्या चष्म्यावर बसला!

"हरलो!" डोळे पुसत ते म्हणाले. "माग काय हवं ते!"

"रानपाखरू पंतांचंच राहू द्या. आणि त्या दोन केंद्रांवरची आमची माणसं परत आणा."

"दिली! आणि तिन्ही केंद्रांच्या सकाळच्या बातम्या तू द्यायच्यास, पगार माझा!" शेटनी कराराचे कागद टराटरा फाडले. "आमच्या त्या गुळगुळीत आवाजालाही इथं पाठवतो. चार दिवस तुझ्या हाताखाली हंडे भरू दे त्याला!"

"पाठवा की! पण आधी तुम्ही इकडे या शेट," कळशी उचलत गजरा म्हणाली, "नळ जायच्या आत तेवढा डावा गाल धुऊन घ्या!"