सटवाची पानं

दोष तुळाजी पाटलाचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमचे म्हातारे गोष्ट संपली तरी हे सांगत नाहीत.

पणज्याच्याही पणज्याच्या काळात पाथरटेकाला सटवा नावाचा चांभार होता. टेकावर देवी, आणि देवीपर्यंत सातशे पायऱ्या. दगड, पाणी, पालखी, सगळं माणसाच्या खांद्यावरूनच वर जायचं. त्यामुळे गावात धड पाय कुणाचाच नव्हता. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसायचा.

सटवानं त्यावर इलाज काढला. चामड्याची पातळ पानं कापायची, एकावर एक रचायची आणि वहाणेत तळव्याच्या खळग्याखाली बसवायची. दुखलं की एक पान वाढवायचं, टोचलं की एक काढायचं. पण माप कसं घेणार? सटवाचा हात लागला की लोक बाटायचे. मग तो राख पसरून लांब बसायचा आणि म्हणायचा, "पाय भिजवा नि उभं ऱ्हावा." राखेतला ठसा बघून तो दुखणं सांगायचा. माणूस कधी मरणार तेही सांगायचा, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

तुळाजी पाटील पालखीचा पुढचा मानकरी. त्या चैत्रात त्याला उंबरठा ओलांडवेना. मान जाईल या भीतीनं तो गुपचूप सटवाकडे आला.

"सटव्या, मला वर पोचव."

"पाटील, वहाणा पायथ्यालाच काढायच्या. वर चामडं चालत न्हाई."

"नुसती पानं फडक्यात गुंडाळून तळव्याला बांधतो. कोण बघतंय?"

"देवी बघंल की."

"तिचं मी बघतो. तू पानं काप."

सटवानं पाच पानं कापली. पाटील पोरासारखा पायऱ्या चढला. पालखी तर खांद्याला न टेकताच वर गेली, असं म्हणतात. पण गाभाऱ्याच्या दारात फडकं सुटलं आणि पाचही पानं गुरवाच्या पुढ्यात पडली.

"हे काय?" गुरव ओरडला.

पाटलानं मान खाली घातली. "सटव्यानं करणी केली असंल. मला काय ठावं?"

पंच बसले. पंचांत पाटीलही बसला, ताक पीत. ठरलं, की सटवानं पायथ्याच्या काळ्या दगडावर दिवस मावळेपर्यंत अनवाणी उभं राहायचं. दुपारी कुणीतरी म्हणालं, "माफी माग, सोडतील." सटवा म्हणाला, "पाटलास्नी इचारा, टाच कशी हाय."

पाटील एक शब्द बोलला असता तर सुटला असता तो. पाटील ताक पीत राहिला.

मावळतीला दगड मेणासारखा मऊ झाला आणि त्यात दोन पावलं उमटली, असं म्हणतात. ती आजही आहेत. तळव्याच्या खळग्याच्या जागी दगड वर आलाय, आधार द्यावा तसा. पालखी उचलण्याआधी भोई पाय भिजवून त्या पावलांत उभे राहतात. मग प्रत्येक जण तळव्याखाली चामड्याचं एक पान बांधतो आणि गुरव त्या पानाला हळद लावतो. हो, चामड्याला. पुढचा मान अजून पाटलाच्याच घरात आहे.

म्हातारे हात जोडून सांगतात, सटवानं आपले पाय देवीला वाहिले. मी ऐकून ऐकून थकलो. वाहिले वगैरे काही नाहीत. त्याचे दोन्ही तळवे जळाले. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला आणि एक पाऊलही चालला नाही.