टिंगी माशीचा लाडू पानात अडकला

एक होती मधमाशी. तिचं नाव टिंगी.
टिंगी एवढीशी होती. मोहरीच्या फुलावर बसली, तर फूल वाकायचंसुद्धा नाही.

एकदा टिंगीनं लाडू केला. पिवळा लाडू. बेसनाचा नव्हे. फुलांच्या धुळीचा. या फुलाची चिमूट, त्या फुलाची चिमूट. सगळी मोहरी पालथी घातली, तेव्हा एक लाडू झाला.

लाडू कोणाला? बाळाला. बाळ पोळ्यात तोंड उघडून बसलेलं. ऊन उतरायच्या आत लाडू पोचायला हवा.

टिंगी निघाली. गुंई गुंई, गुंई गुंई. दमली. सफरचंदाच्या झाडावर टेकली. पायातला लाडू सुटला.

टप्प!

पडला पानात. पान पुरचुंडीसारखं गुंडाळलेलं. लाडू गेला आत.
दुसरा कर, असं कोणी म्हणू नका. मोहरीत आता धूळ उरली नव्हती, आणि बाळाला मोहरीचाच लाडू लागायचा.

टिंगी म्हणाली,
"पाना पाना, उलगड. माझा लाडू दे!"
पान म्हणालं, "नाही उलगडणार. माझ्या पाठीवर मावा बसलाय. रस पितोय. अंग आखडलंय माझं. मावा उठला, तर उलगडेन."
"मावा? मावा कोण?"
"पाठीमागं बघ."

टिंगी गेली. गुंई गुंई.
मावा म्हणजे किडे. हिरवे, टाचणीच्या डोक्याएवढे. शंभर जण. सोंडा खुपसून बसलेले. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र.

टिंगी म्हणाली,
"पान उलगडेना,
माझा लाडू मिळेना.
माव्या माव्या, ऊठ!"
मावा म्हणाला, "नाही उठत. रस गोड आहे. ढालकिडा आला, तर उठू. आम्ही फक्त त्याला भितो."
स्वतःच सांगून बसला. खुळा कुठला.

टिंगी गेली. गुंई गुंई.
ढालकिडा बसला होता कुंपणावर. लाल लाल. वाटाण्यासारखा गोल. पाठीवर काळे ठिपके. पण तोंड पाडून बसलेला.

टिंगी म्हणाली,
"मावा उठेना,
पान उलगडेना,
माझा लाडू मिळेना.
ढालकिड्या, मावा खा!"
ढालकिडा म्हणाला, "भूक तर मरणाची लागलीय. पण नाही जात. तिथं मुंगळे आहेत. गेलं की चावतात. हा बघ पाय. कालच चावले. मुंगळा हटला, तर खाईन."

टिंगी गेली. गुंई गुंई.
मुंगळे काळे काळे. तुरु तुरु खोडावरून वर. तुरु तुरु खोडावरून खाली. मावा त्यांना गोड पाणी द्यायचा. म्हणून ते माव्याची राखण करायचे.

टिंगी म्हणाली,
"ढालकिडा खाईना,
मावा उठेना,
पान उलगडेना,
माझा लाडू मिळेना.
मुंगळ्या मुंगळ्या, हट!"
मुंगळा म्हणाला, "कोण, मी? हॅ! गोड पाणी सोडून? खोडाची वाट उघडी आहे, तोवर येणारच. वाट बंद झाली, तर हटू."
"वाट कोण बंद करणार?"
"झाड ज्याचं, तो! आता सरक. रांग मोडतेस आमची."

टिंगी गेली. गुंई गुंई.
झाड होतं गेनूतात्यांचं. तात्या म्हातारे. मिशा पांढऱ्या. पाठीवर फवारणीचा पंप. फुस्स! फुस्स! पंप चालतो का, ते बघत होते.

टिंगी म्हणाली, "मावा हटेना, मुंगळा उलगडेना, ढालकिडा मिळेना…"
"काय?" तात्या म्हणाले.
"नाही, नाही. चुकलं. थांबा." टिंगीचं डोकं गरगरलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं.
"मुंगळा हटेना,
ढालकिडा खाईना,
मावा उठेना,
पान उलगडेना,
माझा लाडू मिळेना.
तात्या तात्या, खोडाची वाट बंद करा!"

तात्या म्हणाले, "वाटबीट काही नाही. सगळ्यांवर औषध मारतो. मावा, मुंगळा, ढालकिडा. सगळे साफ. तूसुद्धा."
"मी? मी काय केलं?"
"कोणी काय केलं, ते मी विचारत नाही. सहा वर्षं पाणी घातलं या झाडाला. फुलं येतात. फळ एक नाही. दोन रोपं आणली होती. पलीकडच्या धुरपीनं चांगलं उचललं. मला टाकाऊ दिलं."
"मग पंप कधी ठेवाल?"
"झाड 'फळ धरलं' म्हणालं, तर ठेवतो. वाटसुद्धा बंद करतो. नाही तर ऊन उतरलं की फवारतो. पळ!"

ऊन उतरलं की फवारणार. ऊन उतरलं की बाळ रडणार. टिंगी घाबरली.
टिंगी गेली. गुंई गुंई गुंई गुंई.
झाड उभं होतं. फुलं पांढरी, कडेला गुलाबी. पण गप्प गप्प.

टिंगी म्हणाली,
"म्हातारा ऐकेना,
मुंगळा हटेना,
ढालकिडा खाईना,
मावा उठेना,
पान उलगडेना,
माझा लाडू मिळेना.
झाडा झाडा, फळ धर!"

झाड म्हणालं, "हळू बोल. म्हाताऱ्याला ऐकू जाईल. फळ धरू कसं? माझ्या फुलांची धूळ मला चालत नाही. दुसऱ्या सफरचंदाची लागते. ते आहे भिंतीपलीकडं. धुरपाक्काच्या परड्यात. मला पाय नाहीत."
"मग धूळ कोण आणतं?"
"माशी आणते."

टिंगीनं मागं बघितलं. कोणी नाही.
पुढं बघितलं. कोणी नाही.
वर बघितलं. खाली बघितलं.
"कुठली माशी?"
"तू ग बये!"
"मी? मी तर लाडू शोधतेय."
"पहिली फुलं आली, तेव्हा पुष्कळ माश्या आल्या. तात्यांनी भर फुलांत औषध मारलं. तेव्हापासून कोणी फिरकत नाही. आज तू आलीस. धूळ आणलीस, तर धरेन."

टिंगी फांदीवर बसली. पायांनी डोकं खाजवलं.
"झाड धरेना,
म्हातारा ऐकेना,
मुंगळा हटेना,
ढालकिडा खाईना,
मावा उठेना,
पान उलगडेना,
माझा लाडू मिळेना…
आणि झाड का धरेना? मी जाईना म्हणून! म्हणजे मी माझ्याचसाठी थांबलेय?"
काही कळेना. पण उडाली. भिंतीवरून पलीकडं.

पलीकडं धुरपाक्का शेंगा सोलत होती. तिच्याही झाडाला फुलं. फळ एक नाही.
टिंगी म्हणाली, "धुरपाक्का, धुरपाक्का, तुझ्या फुलांची धूळ नेऊ का?"
धुरपाक्का म्हणाली, "ने की. पण त्या गेनूला देऊ नको. चांगलं रोप त्यानं उचललं. मला टाकाऊ दिलं."
टिंगी चक्रावली. तिकडं तेच. इकडंही तेच.
ती म्हणाली, "तात्यांना नाही देत. त्यांच्या झाडाला देते."
धुरपाक्कानं विचार केला. बराच केला.
"झाडाला दे. झाडानं माझं काय वाकडं केलंय? आणि परत येताना रिकामी येऊ नको. तिकडची धूळ माझ्या झाडाला आण."

टिंगी फुलात शिरली. लोळली. अंगभर धूळ. मिशांना धूळ. पायांना धूळ.
भिंतीवरून इकडं. गुंई गुंई.
या फुलावर. त्या फुलावर.
भिंतीवरून तिकडं. गुंई गुंई.
या फुलावर. त्या फुलावर.
इकडून तिकडं, तिकडून इकडं. किती वेळा, ते तिलाही आठवेना.

ऊन उतरलं.
तात्या उठले. पंप पाठीवर घेतला. दांडा धरला. फु…

"थांबा तात्या!" झाड ओरडलं. "धरलं! फळ धरलं!"
"कुठंय? मला तर दिसत नाही."
"फुलाच्या पोटात आहे."
"किती आहे?"
"मोहरीएवढं."
"मोहरीएवढं? मग खाऊ काय?"
"उन्हाळ्यापर्यंत थांबा!"
"सहा वर्षं थांबलोच आहे," तात्या पुटपुटले. "एवढीशी माशी, आणि मला आणखी थांबायला लावते." पण शब्द म्हणजे शब्द. पंप खाली ठेवला. धप्प! जुन्या धोतराची पट्टी फाडली. टर्र! खोडाला बांधली. तिच्यावर गाडीचं वंगण फासलं. चिकट चिकट.

मुंगळे आले तुरु तुरु. पाय चिकटले. "ई! वाट बंद!" मागं फिरले. वरचे मुंगळे टपाटप खाली पडले. मुंगळा हटला.
ढालकिडा आला. टुकू टुकू. पाय मोजले. सगळे जाग्यावर. खायला बसला. कुरुम कुरुम.
मावा म्हणाला, "अरे बापरे, आला!" काही पोटात गेला. उरलेला उठला.
पानाला बरं वाटलं. पानानं आळस दिला. पान उलगडलं.
आत काय?
पिवळा पिवळा लाडू!

टिंगीनं लाडू पायात धरला. घट्ट धरला. मग वळून म्हणाली, "मलाच करायचं होतं, तर पहिल्यांदाच का नाही सांगितलंत?"
पान म्हणालं, "तू लाडू मागत होतीस."
झाड म्हणालं, "मला तू शेवटी विचारलंस."
तात्या म्हणाले, "वाद घालू नको. बाळ रडतंय. जा!"
टिंगी गेली. गुंई गुंई, गुंई गुंई. बाळानं तोंड मिटलंच नव्हतं. लाडू गेला पोटात. गुडुप!

मग उन्हाळा आला. तात्यांच्या झाडाला तीन सफरचंदं लागली. लाल. धुरपाक्काच्या झाडाला चार. पिवळी.
तात्या भिंतीवरून ओरडले, "धुरपे, तुला एक जास्त कसं?"
"मला काय विचारता? माशीला विचारा!"
टिंगी म्हणाली, "मी काय मोजून टाकते का?"
धुरपाक्कानं एक पिवळं सफरचंद भिंतीवर ठेवलं. तात्यांनी एक लाल ठेवलं. दोघांनी एकमेकांचं उचललं, आपापल्या बाजूला बसून खाल्लं. कर्रम कर्रम. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पुन्हा दोन सफरचंदं होती.

आता फुलं आली, की तात्या पंप खुंटीला टांगतात. हात कमरेवर ठेवतात. ओरडतात,
"टिंगे! कुठं उलथलीस? फुलं तुझीच आहेत. ये की!"
टिंगी आधी मागं बघते. कोणी नाही.
मग येते.

लाडू बाळाच्या पोटात. गोष्ट तुमच्या कानात. चला, उठा. माझा पाय अवघडला.