सहाध्यायाचे निवेदन

विषय : परदेशी सत्राच्या एकमेव जागेसाठी केलेला अर्ज.
संदर्भ : अर्जदाराच्या शेजारच्या पलंगावरील इसमाचे सुख.

उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, एकदा एक विद्यार्थी एका नामांकित व्यवस्थापन-संस्थेत दाखल झाला आणि पहिल्याच दिवशी दुःखी झाला. दुःखाचे कारण संस्था नव्हती. संस्था टेकडीवर होती, हिरवळ कापलेली होती, वर्ग थंडगार होते. दुःखाचे कारण वसतिगृहाच्या खोलीतला दुसरा पलंग होता. त्या पलंगावर मांडी घालून दिगंबर नरवाडे शेंगाचटणीची बरणी उघडत होता.

विद्यार्थ्याचे नाव यशोधन कुलथे. दोघेही बार्शीचे, एकाच शाळेचे, एकाच शिकवणीचे. प्रवेशपरीक्षेसाठी यशोधनने दोन वर्षे क्रिकेट सोडले, मामाचे लग्न सोडले, आणि मुलाखतीसाठी आरशासमोर उभे राहून हस्तांदोलनाचा सराव केला. त्याचे नाव पहिल्या यादीत झळकले. दिगंबरचे नाव प्रतीक्षा यादीत होते, त्रेसष्टावे. त्रेसष्टावा म्हणजे लग्नाच्या शेवटच्या पंगतीला बसलेला माणूस. पान मिळते, जिलबी मिळेलच असे नाही. यशोधनने त्या दिवशी त्याला अगदी मनापासून मिठी मारली होती. "होईल रे तुझंही," असेही तो म्हणाला होता. जे होणारच नाही त्याबद्दल माणसाला फार उदार होता येते.

पुढे त्रेसष्ट जणांना अन्यत्र जावेसे वाटले आणि दिगंबरचे झाले. गावात दोघांचा फ्लेक्स लागला. दोघांचे फोटो सारख्याच आकाराचे होते. प्रतीक्षा यादीचा उल्लेख त्यावर कुठेही नव्हता. यशोधनने तो फ्लेक्स तीनदा वाचला, खात्री करण्यासाठी. आणि संस्थेच्या कार्यालयाने, एका गावची मुले म्हणून, मोठ्या कौतुकाने दोघांना एकाच खोलीत टाकले.

त्या संस्थेत गुण सापेक्ष असत. म्हणजे तुम्ही किती शहाणे आहात याला महत्त्व नसे. शेजाऱ्यापेक्षा किती शहाणे आहात याला असे. शेजाऱ्याचे घसरले की आपोआप तुमचे चढले. मत्सराला इतकी राजमान्यता अन्यत्र क्वचितच मिळत असेल. यशोधनने ही पद्धत पहिल्या आठवड्यातच आत्मसात केली. दिगंबरला ती शेवटपर्यंत कळली नाही. तो मिळवलेल्या टिपणांच्या प्रती काढून जिन्यातल्या फळ्यावर लावत असे.

महिन्याभरात साऱ्या आवाराला दिगंबर ठाऊक झाला. मेसमधल्या मावशी त्याला नावाने हाक मारीत. फाटकावरचा पहारेकरी त्याला बघून खुर्चीतून अर्धा उठे. भिंतीपलीकडच्या खोलीत तो हसला की ते हसू भिंत ओलांडून येई आणि यशोधनच्या उघड्या पुस्तकावर बसे. मग यशोधन खिडकी लावून घेई. भिंत लावून घेण्याची सोय नव्हती. एकदा खोलीपासून मेसपर्यंत जाताना त्याने मोजले. दिगंबरला अकरा जणांनी हाक मारली. यशोधनशी दोघे बोलले, आणि त्यातल्या एकाने विचारले, "दिग्या कुठाय?"

दिग्या शेजारीच होता. विचारणाऱ्याचे लक्ष नव्हते एवढेच.

तिसऱ्या महिन्यात सूचना लागली. परदेशातल्या एका संस्थेत एक सत्र शिकण्यासाठी पहिल्या वर्षातून एकाची निवड व्हायची होती. यशोधनने सूचना वाचली आणि त्याला इतक्या दिवसांत प्रथमच बरे वाटले. ही जागा त्याला मिळाली की फोटोंचे आकार पुन्हा ठरवता येणार होते.

अर्जाला सात रकाने होते. सहा नेहमीचेच. सातवा मात्र त्या संस्थेचीच एक जुनी प्रथा होती : सहाध्यायाचे निवेदन. अर्जदाराला जवळून पाहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने त्याच्याविषयी लिहून, खाली सही करून द्यायचे. प्राध्यापकांना विद्यार्थी फक्त पुढून दिसतो, असे त्यामागचे तत्त्व सांगितले जाई.

यशोधनने वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला गाठले आणि त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या. दिगंबरने बाकीचा अर्ज कार्यालयात दिला आणि सातव्या रकान्याचा कागद एका दुपारी यशोधनच्याच पलंगावर ठेवला.

"यशा, तेवढं शेवटचं लिहून दे की. तुझ्याइतकं मला कोण ओळखतंय इथं?"

"बघतो. प्रेझेंटेशन आहे उद्या."

"मग परवा दे. जेवलास का पण? आज वांग्याची भाजी बरी झालीय."

"भूक नाही."

दिगंबर गेला. कागद गादीखाली गेला. परवा आला आणि गेला, कागद गादीखालीच राहिला. पण नुसत्या कागदावर गादी घालून यशोधनचे समाधान होईना, कारण दिगंबर दुसऱ्या कोणाकडूनही लिहून घेऊ शकत होता आणि अख्खे आवार त्यासाठी पेन उघडून बसले होते. म्हणून तो निवड समितीच्या अध्यक्षांकडे गेला.

अध्यक्ष म्हणजे एक वृद्ध आचार्य. ग्रंथालयामागच्या खोलीत ते बसत. त्यांना निवृत्त होऊन दहा वर्षे झाली होती; परंतु हे संस्थेच्या लक्षात आले नव्हते आणि आचार्यांनीही पाठपुरावा केला नव्हता.

"सर, एक नाजूक बाब आहे."

"बसा. नाजूक बाबी उभ्याने सांगू नयेत, पाय दुखतात."

"नरवाडे या जागेसाठी योग्य नाही, सर. माझं वैयक्तिक काही नाही. मित्रच आहे माझा."

"मित्रच आहे म्हणजे माहिती पक्की असणार."

"एका खोलीत राहतो आम्ही. मी त्याला जवळून बघतो. लोकांना वाटतो तसा तो नाही. जे करतो ते सगळं लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून करतो."

आचार्यांनी चष्मा काढून पुसला. "समितीची बैठक तीन आठवड्यांनी आहे. तुम्ही पंधरा दिवस लिहा. त्याने काय केले ते तारीख-वेळ घालून. त्यामागचा हेतू वेगळ्या ओळीत. शेवटी सही. तोंडी तक्रारीला मी कान देत नाही, मला ऐकूही कमी येते."

यशोधन उठला तो हलका होऊन. पुढचे पंधरा दिवस त्याने असा अभ्यास केला की विपणनाच्या प्राध्यापकांनी पाहिला असता तर त्यांना आनंदाश्रू आले असते. फक्त विषय विपणन नव्हता, दिगंबर होता. दिगंबर उठण्यापूर्वी तो उठे. दिगंबर बोलत असेल तिथून दोन खांब सोडून उभा राही. वहीची चाळीस पाने भरली. सोळाव्या दिवशी त्याने ती आचार्यांच्या टेबलावर ठेवली, आणि ते वाचीत असताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसला.

वहीतील काही नोंदी खालीलप्रमाणे होत्या.

"दिनांक तीन, सकाळी सव्वाआठ. मेसमधल्या मावशींना मुलाचा दहावीचा निकाल विचारला. मुलगा गणितात राहिला असे कळल्यावर रविवारी त्याला शिकवायचे कबूल केले. हेतू : जास्तीच्या पोळ्या. (दोन मिळाल्या.)"

"दिनांक सहा, दुपारी. कोट्टायमहून आलेल्या मुलाला ताप. त्याच्यासोबत तीन तास दवाखान्यात बसला. तास बुडवला. हेतू : हजेरीत सवलत मिळवणे. (सवलत मागितली नाही. का मागितली नाही ते कळले नाही. काहीतरी असणार.)"

"दिनांक नऊ, अकरा वाजून दहा मिनिटे. भर वर्गात उभा राहून 'मला समजलं नाही' असे म्हणाला. सरांनी पुन्हा शिकवले. हेतू : लक्ष वेधून घेणे. (मलाही दुसऱ्या वेळी समजले.)"

इथे आचार्य एकदा हसले. यशोधनला वाटले, बरोबर ठिकाणी हसले.

वाचून झाल्यावर आचार्यांनी खणातून पट्टी आणि लाल पेन्सिल काढली. एकेक पान उलटीत, "हेतू" या शब्दाने सुरू होणारी प्रत्येक ओळ पट्टी लावून सरळ रेघेने खोडली. चाळीस पाने व्हायला बराच वेळ लागला. मग त्यांनी कपाटातून दिगंबर नरवाडे याची फाइल काढली, वहीला भोक पाडले, टॅग ओवला, आणि सातव्या रकान्यासमोर लिहिले : "निवेदन प्राप्त. सविस्तर."

यशोधनला वाटले, म्हातारपण. तो खुर्चीतून पुढे सरकला. "सर, काहीतरी गफलत होतेय. ही वही त्याच्या विरुद्धची आहे."

"तसे का?" आचार्य म्हणाले. "मग त्यातली एक नोंद दाखवा, जी त्याच्या विरुद्ध जाते."

यशोधनने वही ओढली. पाने उलटली. रेघा ओढल्यावर उरलेले वाचले. पुन्हा पहिल्यापासून उलटली. एखादी तरी असेल म्हणून त्याने चौदा तारीख शोधली, कारण त्या दिवशी तो विशेष संतापला होता. चौदा तारखेला दिगंबरने ज्याचे-त्याचे वाळत टाकलेले कपडे पावसाआधी आत आणले होते. त्यात यशोधनचा टॉवेल होता.

"ऐका," आचार्य म्हणाले. "माझ्याकडे दरवर्षी शंभर निवेदने येतात. स्नेह्यांनी लिहिलेली असतात. स्नेही काय लिहितो? 'मुलगा चांगला आहे.' त्याला पुरावा लागत नाही, म्हणून तो बघतही नाही. मत्सर तसा नाही. त्याची हजेरी शंभर टक्के असते, तो एक तास बुडवत नाही. या वहीइतका प्रामाणिक दाखला मला चाळीस वर्षांत कोणी दिला नाही. तुमच्या डोळ्यांनी जे पाहिले ते मी ठेवले. डोळे उघडण्याआधीच जे लिहून झाले होते, तेवढे खोडले."

यशोधनच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्याने विचारले, "आणि माझा अर्ज?"

आचार्यांनी दुसरी फाइल काढली आणि सातव्या रकान्यातल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. "'श्री. कुलथे हे कष्टाळू, उत्साही आणि ध्येयनिष्ठ आहेत.' हे वाक्य माझ्या स्कूटरलाही लागू पडते. ध्येयनिष्ठा सोडली तर." त्यांनी तो कागद सोडवून बाजूला ठेवला. "म्हणून मी तुम्हाला तुमच्याच वहीत शोधले. पंधरा दिवस, चाळीस पाने. एका ठिकाणी सापडलात : 'मी खांबाआड होतो.' एवढ्यावरून समितीला काय सांगू?"

"म्हणजे नामंजूर?"

"नामंजूर व्हायला अर्ज आधी पूर्ण असावा लागतो. हा अपूर्ण आहे. या सत्राची जागा कुठे जाईल ते तुम्हाला दिसतेच आहे. पुढच्या सत्राला आणखी एक आहे. हा कोरा कागद घ्या. तुम्हाला जवळून पाहणाऱ्याकडून भरून आणा."

समितीची बैठक झाली आणि निकाल लागला. यशोधन तो कागद तसाच कोरा घेऊन खोलीवर आला तेव्हा दिगंबर दारातच उभा होता. त्याने यशोधनला धरून गदागदा हलवले.

"चाळीस पानं! लेका, माझ्या आईला सांगितलं असतं तरी तिनं चार लिहिली असती. सरांनी दाखवली मला चार दिवसांपूर्वीच."

यशोधनने त्याचे हात सोडवले. "सगळी दाखवली?"

"सगळी."

"लाल रेघांखालचं वाचलंस?"

"वाचलं की." दिगंबर हसला. मग हसणे थांबवून पलंगावर बसला. "दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, पोळ्यांचं तर खरंच आहे. मावशी दोन देतात, मी दोन्ही खातो."

यशोधनला अजूनही राग येत होता. फरक इतकाच, की तो ठेवायला जागा सापडत नव्हती. त्याच्या हातातला कोरा कागद दिगंबरने ओढून घेतला.

"तुझा राहिलाय होय? आण, लिहितो." त्याने पेनाचे टोपण काढले, वर तारीख घातली, नाव घातले. "हां, सांग. काय लिहू?"

"तुला दिसलं असेल ते."

दिगंबरने बराच वेळ विचार केला. त्याला मनापासून चांगले लिहायचे होते, हे त्याच्या तोंडावर दिसत होते, आणि तेच यशोधनला सोसवेना. "यशा, खरं सांगू का? तू मला कुठं दिसतच नाहीस रे. वर्गातून खोलीत, खोलीतून वर्गात. तू दिवसभर करतोस तरी काय?"

यशोधनने उत्तर द्यायला तोंड उघडले. दिगंबरने कोणत्या दिवशी किती वाजता काय केले, हे त्याला पाठ होते. स्वतःची एकही तारीख आठवेना.

"राहू दे आज," तो हळूच म्हणाला. "कागद ठेव तुझ्यापाशीच."

सबब सादर करण्यात येते की, प्रस्तुत सत्राची जागा श्री. नरवाडे यांस देण्यात आली असून ते रवाना होईपर्यंत उक्त कागद त्यांच्याच ताब्यात राहील. मेसमधल्या मावशींच्या मुलाला रविवारी गणित शिकवण्याचे काम नरवाडे यांच्या पश्चात कोणी करावे, याबाबत श्री. कुलथे यांनी चौकशी केल्याचे समजते. हेतूची नोंद उपलब्ध नाही. त्यांच्या अर्जाचा सातवा रकाना आजमितीस कोरा आहे.

अर्ज प्रलंबित.