भिवराईचं मुकं भजन

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी, उंबरदऱ्याला अजून गाडीवाट पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. घाटावरून मीठ यायचं ते बैलांच्या पाठीवर, आणि पाहुणा यायचा तो धापा टाकत. त्या दरीतल्या गावात भिवरा नावाची एक बाई नांदत होती. तिच्याइतकं मोठ्यानं हसणारं माणूस साऱ्या खोऱ्यात नव्हतं, असं म्हणतात. आपलं हसू केवढं मोठं आहे हे तिला स्वतःला ऐकूच येत नव्हतं, मग ती आवरणार कशी?

लहानपणी तिला ताप आला होता. ताप उतरला तो कान घेऊनच उतरला. बोलायला ती आधीच शिकली होती म्हणून बोलणं तेवढं राहिलं. पण ते असं, की तिनं चुलीपुढून नवऱ्याला हाक मारली तर समोरच्या डोंगरावरचे गुराखी ओ द्यायचे. नवरा रायाजी मोठा समजूतदार. तिच्याशी काही बोलायचं तर तो आधी तिच्यासमोर येऊन बसायचा, उजेडाकडे तोंड करायचा आणि सावकाश बोलायचा. भिवरा त्याचे ओठ वाचायची. पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या, "आमचं कान चांगलं, म्हणून आमचं धनी कधी समोर बसून बोललं न्हाईत. भिवराचं नशीब बघा, बायांनो!"

गावात मुरलीधराचं देऊळ होतं. काळ्या पाषाणाचा देव, पायावर पाय टाकून उभा, ओठांशी मुरली. गावातली जुनी माणसं म्हणायची, देव अष्टौप्रहर वाजवतोय, पण आपली पुण्याई थोडी, म्हणून ऐकू येत नाही. भिवराला याचं कधी नवल वाटलं नाही. तिला गुराख्याचीही मुरली ऐकू येत नव्हती. गुराख्याची बोटं मुरलीवर दिसली की तो वाजवतोय, एवढंच तिला ठाऊक. देवाची बोटं तर तिला रोज मुरलीवर दिसत होती. तेव्हा देव वाजवतोय याबद्दल तिच्या मनात तीळभरही शंका नव्हती.

दर चैत्रात त्या देवळात नामसप्ताह बसायचा. सात दिवस अखंड नाम. विणेकऱ्यानं वीणा खाली टेकवायची नाही, टाळ थांबू द्यायचे नाहीत, एकाचा गळा बसला की दुसऱ्यानं नाम उचलायचं. वाडवडिलांपासून ते कधी तुटलं नव्हतं. या सगळ्याची राखण कोंडाजीबुवांकडे होती. बुवा उंच, सडसडीत, आणि तालाला इतके पक्के की त्यांच्या घरी बायको भाकरी थापायची तीसुद्धा ठेक्यात, असं म्हणतात.

भिवराला भजनाचं वेड होतं. ती देवळाच्या फरशीवर अनवाणी उभी राहायची, तळहात खांबाला लावायची, आणि मृदंग तिच्या अंगात शिरायचा. तळपायातून गुडघ्यात, गुडघ्यातून छातीत. मग तिला राहवायचं नाही. ती डोळे मिटून "गोपाळा!" म्हणून अशी साद घालायची की गाभाऱ्यातली समई थरथरावी. पण सगळे भजनाच्या एका ओळीवर असायचे आणि भिवरा भलत्याच ओळीवर. पोरं खुदकन हसायची, टाळकऱ्यांचे हात चुकायचे. एका सप्ताहात तर तिच्या सादेनं सगळीच ओळ अडखळली, आणि आता नाम तुटतं की काय असं झालं. कशीबशी बुवांनी सावरून घेतली.

गाणाऱ्यांचा पहारा बदलल्यावर बुवा भिवरासमोर येऊन बसले. रायाजी बसायचा तसेच, उजेडाकडे तोंड करून.

"भिवरे, पोरी," ते सावकाश म्हणाले, "तू ये, बस, डोळं भरून बघ. पण गाऊ नको. तुझ्या सुरानं साऱ्यांचा ताल सुटतो."

रागानं बोलले असते तर ती भांडली असती. पण ते मायेनं बोलले. तिनं मान हलवली, पदर खोचला आणि ती देवळाबाहेर पडली. त्या दिवशी ती हसली नाही. समोरच्या डोंगरावरचे गुराखी एकमेकांना विचारत राहिले, "आज भिवरावयनी आजारी हाय का काय?"

दुसऱ्या दिवशी ती सरपणाच्या निमित्तानं डोंगर चढली. वर एका कपारीत चिंधीनाथ नावाचा एक जोगी राहायचा. अंगावर चिंध्यांची कफनी, छातीपर्यंत दाढी. ध्यानाला बसला की त्याच्या मांडीवर खारी खेळायच्या, असं म्हणतात. भिवरा कपारीच्या तोंडाशी जाऊन बसली. जोग्यानं डोळे उघडले आणि तो बोलू लागला. श्वास कसा धरावा, मन कसं आवरावं, आतल्या आत जो नाद आपोआप चालला आहे तो कसा ऐकावा. बरंच बोलला. भिवरा मान हलवत राहिली, पण तिला अक्षर कळलं नाही. त्याचे ओठ दाढीत बुडाले होते.

शेवटी जोग्यानं आपले दोन्ही अंगठे कानात घातले आणि तिलाही खूण केली: असे कान मिट आणि आत ऐक.

भिवरानं त्याच्याकडे पाहिलं, आणि कालपासून अडकलेलं हसू एकदम सुटलं. दरीतले पारवे उडाले. "बाबा," ती ओरडली, "माझं कधीचंच मिटल्यात!"

चिंधीनाथ चकित होऊन बघत राहिला. मग तोही हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं दाढी दोन्ही हातांनी बाजूला सारली, ओठ दाखवले आणि म्हणाला, "अगं, ते दार मिटायला माझं अर्धं आयुष्य गेलं! बस. नुसती बस."

ती बसू लागली. सकाळची कामं उरकली की डोंगर चढायची. रायाजीनं विचारलं, "कुठं जातीस गं?"

"ऐकाया," ती म्हणाली. रायाजीनं वाटेवरचे काटे कोयत्यानं साफ करून ठेवले.

पहिल्यांदा तिला आत काहीच सापडलं नाही. म्हैस आठवायची, जावेचं बोलणं आठवायचं, बुवांचं "गाऊ नको" आठवायचं. ती श्वासाकडे बघायची. तो यायचा, जायचा, पुन्हा यायचा. आणि एक दिवस, कधी ते तिलाही सांगता आलं नाही, आत कुठंतरी गुणगुण सुरू झाली. मोहोळ घुमावं तशी. पुढं ती लांबच्या देवळातल्या घंटेसारखी झाली. आणि त्याच्याही पुढं एके सकाळी जे आलं त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. वाजवणारा एकीकडे आणि ऐकणारी दुसरीकडे, असं काही उरलंच नाही. कुणी टाळावर टाळ आपटला नव्हता, कुणी फुंकर घातली नव्हती, तरी सगळं गात होतं. झाड गात होतं, दगड गात होता, आणि जे गात होतं तेच भिवरा होतं. ती उठली आणि नाचू लागली.

चिंधीनाथ ते बघत बसला. मग त्यानं पुन्हा दाढी बाजूला सारली.

"खाली जा, बाई. मला इथं एकट्यानं बसणं गोड लागतं, माझा देव इथं येतो. तुझं पाय मात्र चारचौघांत नाचायला घडवल्यात."

"गावात गायची बंदी हाय, बाबा."

"मग गाऊ नको," जोगी म्हणाला, "जा."

तेव्हा पुन्हा चैत्र आला होता. सप्ताहाचा शेवटचा, काल्याचा दिवस होता. सारा गाव मांडवात लोटला होता. देवळामागं महाप्रसादाची चुलाणं पेटली होती. अंगणात जुना वड, आणि वडाला आग्या मोहोळं लटकलेली, सुपाएवढाली. वर्षानुवर्षं ती तिथंच होती, कुणाला त्रास नव्हता. पण त्या दिवशी वारं फिरलं. चुलाणांचा धूर सगळाच्या सगळा वडात शिरला.

मोहोळ उठलं.

आग्या मोहोळ उठलं म्हणजे काय ते डोंगरातल्या माणसालाच विचारा. दावणीचा बैल जागीच आडवा होतो. क्षणात मांडवावर काळं आभाळ आलं. बायकांनी लेकरं पदराखाली घेतली. कोंडाजीबुवा एकदाच ओरडले, "हलू नका! आवाज करू नका!" आणि सारा मांडव जागच्या जागी थिजला. टाळकऱ्यांचे टाळ उचललेले तसेच हवेत राहिले. मृदंगावरचा हात मृदंगावर राहिला. विणेची तार गप्प झाली.

माश्या माणसांच्या डोक्यांवरून, टाळांवरून, बुवांच्या पागोट्यावरून फिरू लागल्या. पण बुवांच्या डोळ्यांतून धारा लागल्या त्या माश्यांच्या भीतीनं नव्हत्या. वाडवडिलांपासून चालत आलेलं नाम त्यांच्या हातात तुटलं होतं. तेही काल्याच्या दिवशी.

भिवरा तेव्हा काल्याच्या दह्याचं मडकं घेऊन देवळाच्या पायऱ्या चढत होती. वर आली आणि थबकली. तिनं माश्या पाहिल्या. गाव पाहिलं. मग मांडवाच्या पार त्या टोकाला उभ्या बुवांचे ओठ हलताना तिला दिसले. आवाज नव्हताच, नुसते ओठ. गावात ते वाचणारी एकटी भिवरा.

"नाम तुटलं," बुवा म्हणत होते. "देवा, नाम तुटलं."

भिवरानं मडकं हलकेच खाली ठेवलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती आवाज न करता बोलली. तिचे ओठ तेवढे हलले.

"तुटलं न्हाई, बुवा. चालू हाय."

तिनं पाऊल उचललं. सावकाश, इतकं सावकाश की पायाखालचं पान मोडू नये. दुसरं पाऊल. दोन्ही हात वर. ओठांवर "गोपाळा", पण घशात काही नाही. माश्या तिच्याकडे वळल्या. खांद्यावर बसल्या, दंडावर बसल्या, पाठीवर बसल्या. बघता बघता तिच्या अंगावर जिवंत काळी शाल पांघरली गेली. एकही माशी डसली नाही, असं म्हणतात.

रायाजीचा जीव गळ्याशी आला होता. पण त्यानं तिचा चेहरा पाहिला. दुसऱ्या कुणाचे नाही, पण तिचे ओठ वाचायची सवय समोर बसून बसून त्यालाही लागली होती. तोही ओठ हलवू लागला, तोही पाऊल टाकू लागला. मग त्याच्या शेजारचा. मग बायकांची रांग. टाळकऱ्यांनी टाळ जवळ आणले, केसाएवढं अंतर ठेवून थांबवले, पुन्हा दूर नेले. मृदंगावर बोटं फिरली पण टेकली नाहीत. शेवटी कोंडाजीबुवांनी वीणा छातीशी धरून पाय उचलला. सारं गाव भजन करत होतं आणि पानसुद्धा वाजत नव्हतं.

आणि त्या शांततेत मुरली ऐकू आली.

कुठून आली? कुणी म्हणालं गाभाऱ्यातून, कुणी म्हणालं वडातून. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या छातीतनं आली, बाई, दुसरीकडनं न्हाई." किती वेळ चालली तेही कुणाला सांगता आलं नाही. माश्या भिवराच्या अंगावरून एकेक करून उठल्या आणि देवळावर एक घिरटी घालून कड्याकडे निघून गेल्या.

कोंडाजीबुवा भिवरासमोर येऊन उभे राहिले. पाया पडायला वाकले, तर तिनं दंड धरून त्यांना उभं केलं.

"पोरी, तुला मुरली ऐकू आली?"

"माझं सोडा," भिवरा तिच्या नेहमीच्या आवाजात गरजली, "तुमाला आली का?"

त्यांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "उद्यापास्नं तू गायचंस."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"ताल सुटंल, बुवा."

"सुटू दे," कोंडाजीबुवा म्हणाले. तालासाठी अख्खी हयात घालवलेला तो माणूस हे म्हणाला आणि लेकरासारखा हसला. मग काला झाला. तसा काला पुन्हा झाला नाही, दही लोकांच्या पोटात कमी आणि अंगावर जास्त गेलं, असं म्हणतात.

एका शेजारणीनं भिवराला सुचवलं, "देव एवढा प्रसन्न झालाय, कान मागून घे की."

"नगं गं बाई," भिवरा म्हणाली, "तुमची भांडनं ऐकत बसू व्हय?"

पुढं ती पुष्कळ जगली. लोक तिला भिवराई म्हणू लागले. सकाळी ती देवळाच्या ओसरीवर गप्प बसायची, आणि ज्याला वाटेल तो तिच्याजवळ येऊन गप्प बसायचा. संध्याकाळी ती भजनात बेताल गायची आणि सारे तिच्या मागून बेताल गायचे. तिचा शेवट कसा झाला याबद्दल दोन मतं आहेत. पुजारी सांगतात, ती एकादशीला गाभाऱ्यात शिरली आणि मुरलीधरात मिसळून गेली, बाहेर आलीच नाही. तिच्या माहेरच्या बायका सांगतात, छे, तिनं पोटभर आमरस खाल्ला, भिंतीला टेकली, हसली आणि गेली. कुणाचंही खरं धरा. दोन्हीकडे ती एकाच ठिकाणी पोचली.

उंबरदऱ्यात अजूनही काल्याच्या दिवशी भिवराईचं मुकं भजन होतं. भर दुपारी सारं गाव मांडवात उभं राहतं, टाळ टाळाला लागत नाही, ओठ हलतात, पाय नाचतात, आणि आवाज कुणीही करायचा नाही. लहान पोरं हसू दाबता दाबता लाल होतात. हे किती वेळ चालवायचं ते ठरलेलं नाही. जगात कुठूनही पहिला आवाज येईल तो भिवराईचा "चालू हाय" असा जबाब समजायचा आणि तिथून नाम मोठ्यानं उचलायचं, अशी रीत आहे. कधी बाळ रडतं, कधी कावळा ओरडतो, कधी कुणाला शिंक येते.

मागं एका वर्षी देवळामागं बांधलेलं कुंभाराचं गाढव ओरडलं. मांडवात क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग विणेकरी म्हातारा हात जोडून म्हणाला, "आईनं यंदा पट्टी जरा वरची धरलीया," आणि सारं गाव त्याच पट्टीत गाऊ लागलं.