ठोकू नका, झोप मोडते

एका खाडीच्या तोंडाशी, जिथे जंगल संपतं आणि पुळण सुरू होते, तिथे एक म्हातारं उंडीचं झाड राहत असे. हसू नका. झाड ‘राहत असे’ असंच मी लिहिलंय, आणि शुद्धीत लिहिलंय. अंगाखांद्यावरचे सगळे म्हणत, “इथे आम्ही राहतो.” झाडही तिथेच राहतं, त्याचीही पाठ दुखते, त्याचेही पाय दुखतात, हे त्यांच्यापैकी एकाच्याही टाळक्यात नव्हतं. तुमच्या तरी होतं का? बरं, राहू द्या. पुढे ऐका.

झाड म्हणजे मजल्यांवर मजले. किती, ते विचारू नका, सातानंतर माझं गणित संपतं. शेंड्याला घार. तिथून अख्खा समुद्र दिसतो म्हणून तिची मान कायम वीतभर वर. मधल्या फांद्यांना वटवाघळं, रात्रपाळी करणारी आणि दिवसभर उलटी टांगून घोरणारी. त्यांच्या शेजारी कावळा. हा झाडाचा अध्यक्ष. कोणी निवडला? कोणीच नाही. पहिल्या सभेत सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडला, म्हणून झाला. खाली, खाडीच्या बाजूच्या ढोलीत, खार आणि तिची तीन पिल्लं. मुळांत खेकडा. आणि खोडाच्या मधोमध सुतारपक्षी. त्याला झाडावरची सगळी पिल्लं मामा म्हणत, म्हणून आपणही मामाच म्हणू.

मामाचं काम एकच. रोज सकाळी खोडावर ठिकठिकाणी चोच मारायची आणि कान लावायचा. कलिंगडवाला टिचकी मारून आतलं ओळखतो ना, तसं. जमिनीच्या बाजूला आवाज यायचा ‘टण्’. खाडीच्या बाजूला यायचा ‘ढब्’, म्हणजे आत पोकळ. आधी ढब् दोन बोटांएवढ्या जागेत होतं. एका सकाळी ते खारीच्या ढोलीभोवती सगळीकडून ऐकू आलं. मामा टुणटुण उड्या मारत मुळांपाशी उतरला.

“काय खेकडेराव, खाली कसं काय?”

“मजेत!” खेकडा म्हणाला. “पूर्वी घरात शिरायला वाळू उकरावी लागायची. आता मुळांखालून ताठ मानेने चालत जातो. उधाणाचं पाणी येतं आणि जाताना वाळू घेऊन जातं. परवा तर माझी जाडी मेहुणीसुद्धा न अडकता आत आली.”

मामा एरवी हसला असता. त्या दिवशी नाही हसला.

संध्याकाळी त्याने सभा बोलावली. म्हणाला, “मुळं उघडी पडलीत. खारं पाणी खोडात चढतंय आणि गाभा कुजतोय. या हिवाळ्यात सगळ्यांनी झाड रिकामं करायचं. मी कुजकं कोरून काढतो. तुम्ही दगड आणि चिखल आणून मुळांशी भरा. पुढे तिवरं लावू, म्हणजे लाटा अडतील. एक हिवाळा हाल होतील, पण झाड उभं राहील.”

“माझ्या फांदीला काहीएक झालेलं नाही,” घार वरूनच म्हणाली. “ज्यांचं खाली कुजलंय त्यांनी दगड वाहावेत.”

“बाई, तुमची फांदी काय ढगातून लोंबतेय?” मामाने विचारलं.

“आणि आधी ते ठोकणं बंद करा हो,” एक वटवाघूळ जांभई देत म्हणालं. “रात्रभर राबून यावं, डोळा लागतो न लागतो तोच यांचं ढब् ढब् सुरू! माणसानं, आपलं, वटवाघळानं झोपायचं कधी?”

कावळ्याने पंख झटकले. अध्यक्ष बोलायच्या आधी पंख झटकतात. “सुतारबुवा, महिन्याभरात रोहित पक्षी येतील. एवढ्या लांबून येणारे पाहुणे, आणि त्यांना रिकामं, खणून ठेवलेलं झाड दाखवायचं? काही लाज? पाहुणे जाऊ देत. मग बघू.”

उरली खार. सगळ्यांत कुजकी बाजू तिचीच. ती ‘हो’ म्हणाली असती तर बाकीच्यांनाही लाजेकाजेस्तव हलावं लागलं असतं. तिने ढोलीत डोकावून पाहिलं.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “यांचे अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत. थंडीवाऱ्यात कुठे नेऊ? एवढी चालती होऊ देत. पुढच्या वर्षी सगळ्यांत पहिला दगड मी उचलीन.”

मामा आपल्या खोडावर परतला. डोळे न उघडलेल्या पिल्लांपुढे काय बोलणार? तुम्ही बोलला असतात? मी तर नसतो बोललो.

त्या झाडाची एक रीत होती. पाहुणे यायच्या आधी खोड रंगवायचं. टेकडीवरून तांबडी माती आणायची, शिंपले कुटून चुना करायचा. खाली गेरू, वर पांढरा पट्टा. तुम्ही हमरस्त्याच्या कडेची झाडं पाहिलीत ना, तसं नटवायचं. या कामाला मात्र झाडून सगळे हजर! घारसुद्धा खाली उतरे. कावळा फिरून देखरेख करी आणि भेग दिसली की म्हणे, “इथे जरा जाड हात मारा.” मग रोहित पक्षी येत, चिखलात एका पायावर उभे राहत आणि म्हणत, “अहाहा, किती तरुण दिसतं हो तुमचं झाड!” कावळा लाजून लाल व्हायचा. काळ्या रंगात कळायचं नाही, इतकंच.

दुसऱ्या वर्षी ढब् वटवाघळांच्या फांदीपर्यंत चढलं. मामाने पुन्हा सभा बोलावली. “आता एका हिवाळ्यात भागायचं नाही, दोन लागतील. आणि वरचं वजन कमी करायला शेंडा उतरवावा लागेल.”

“माझा समुद्र काढून घेता?” घार किंचाळली.

“बघा मंडळी,” कावळा म्हणाला, “गेल्या वर्षी एक हिवाळा म्हणत होते, यंदा दोन म्हणतात. पुढच्या वर्षी चार म्हणतील. यांचा काय भरवसा?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. गेल्या वर्षीच ऐकलं असतं तर एकातच भागलं असतं, हे कोणी बोललं नाही.

खारीने शब्द पाळला होता बरं का. तिने खरंच एक दगड आणला होता, चिंचोक्याएवढा. पण ढोलीत नवी तीन पिल्लं होती. डोळे न उघडलेली.

“पुढच्या वर्षी नक्की, दादा,” ती म्हणाली.

“बाई, पाणी काही पिल्लांचं वय विचारून आत येत नाही,” खेकडा मुळांतून ओरडला.

“तुम्ही झाडावर राहता का?” कावळ्याने विचारलं. “नाही ना? झाडाखाली राहता. मग सभेत बोलायचं काम नाही.”

तिसऱ्या वर्षी मामाला सभा बोलावायची वेळच आली नाही. ती कावळ्यानेच बोलावली. ठराव एका ओळीचा होता : या झाडावर ठोकण्यास मनाई आहे. वटवाघळांनी झोपेतच पंख वर केले. घारीने मान हलवली. खारीने मामाकडे पाहिलं, मग यंदाच्या तीन पिल्लांकडे पाहिलं, आणि काहीच केलं नाही. मामा खाडीपलीकडे माडाच्या एका वाळक्या खुंटावर राहायला गेला.

आणि काय गंमत! दुसऱ्या सकाळपासून ढब् ऐकू येईनासं झालं. “बघा,” कावळा म्हणाला, “झाड बरं झालं!” सगळ्यांना ते पटलं. असं पटवून घेण्यात आपण सगळे मोठे हुशार.

मग ती दुपार आली. वारा नव्हता. समुद्र मांजरासारखा पडून होता. रोहित पक्षी आलेले, खोडावरचा गेरू अजून ओला. खार पिल्लांना झोपवून बिया वेचायला गेली होती. घारीची फांदी तसूभर झुकली, तिला वाटलं आपलंच वजन वाढलं. खेकडा मात्र मुळांतून तिरका धावत सुटला. “पळा!” तो ओरडत होता. “पळा!” पण त्याला सभेत बोलायची बंदी होती, आणि सगळ्यांना त्याचं न ऐकायची सवय.

कडकडाट वगैरे झाला नाही. फार चाललेला म्हातारा बसतो ना, तसं झाड आधी मटकन खाली बसलं. मग खाडीच्या बाजूला आडवं झालं.

ज्यांना पंख होते ते उडाले. वटवाघळं उन्हात भेलकांडत गेली. पाहुणे जे उडाले ते परत दिसलेच नाहीत. झाडावरचे मात्र घिरट्या घालून परत आले.

खार तोंडात बी घेऊन परत आली. कुठला मजला खालचा आणि कुठला वरचा, तिला काही कळेना, सगळे एकाच रांगेत चिखलात पडलेले. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होती. तोंडातलं बी टाकायचंही तिला सुचलं नाही.

मामा खाडी ओलांडून आला. खोडावर बसला, त्याने चोच उचलली, आणि तो तसाच थांबला. मनाई होती ना.

“ठोका!” कावळ्याचा आवाज फाटला. “ठोका हो सुतारबुवा, ठोका!”

मामाने ठोकलं आणि कान लावला. वटवाघळांनी पंख आवळून धरले, घारीने श्वास रोखला. इतकी शांतता त्या झाडाने कधी ऐकली नव्हती. ढब्. तो दोन पावलं पुढे गेला. ढब्. आणखी पुढे. तिसऱ्या जागी, आतून, कोणीतरी नखाने खरवडलं.

मामा वरून कोरू लागला, खेकडा खालून चिखल उपसू लागला. भरतीचं पाणी चढत होतं. एक पिल्लू बाहेर आलं, ओलंचिंब, अंगभर लाकडाचा भुगा. खारीने ते पोटाशी घेतलं.

“अजून दोन आहेत, दादा.”

मामाने पुढे ठोकलं. कान लावला. मागे येऊन ठोकलं. कान लावला.

“अजून एकदा, दादा.”

त्याने अजून एकदा ठोकलं. पाणी खोडावर चढलं, त्याच्या पायांना लागलं, पोटाला लागलं. चोच पाण्यात बुडायला लागली तरी तो ठोकत होता. शेवटी खारच म्हणाली, “पुरे, दादा.” तेव्हा तो थांबला.

दोन दिवस खाडीचं पाणी तांबडं होतं. घाबरू नका, तो गेरू होता. आणलेला गेरू सगळाच्या सगळा.

आता ती मंडळी आतल्या बाजूच्या एका तरण्या झाडावर राहतात. अध्यक्ष कोणी नाही. कावळा आपला मुकाट दगड आणतो आणि मुळांशी ठेवतो, पावसाळा असो नाहीतर पाहुणे असोत. खार रोज सकाळी हाक मारते, “दादा, ठोका.” मामा खालपासून वरपर्यंत ठोकतो. वटवाघळं हूं की चूं करत नाहीत.

आणि ते वाचलेलं पिल्लू? मामा ठोकत असतो तेव्हा ते ढाराढूर झोपतं. ठोकणं जरा थांबलं, की दचकून जागं होतं आणि आईला विचारतं, “आई, मामा का गप्प झाला?”

तात्पर्य : घराचं दुखणं सांगणाऱ्याला गप्प केलं म्हणून दुखणं गप्प बसत नाही, आणि ज्यांच्याकडे पाहून आपण दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलतो, त्या ढकलण्याची किंमत शेवटी त्यांनाच मोजावी लागते.