उन्हात हरवलेला ठिपका

बिबटे गावापर्यंत येत त्या दिवसांत, वनरक्षक धर्मामामांच्या बंदुकीच्या दुर्बिणीत नेम धरायला एक लाल दिव्याचा ठिपका आणि एक काळी फुली राहत. मामा बंदूक कोठीच्या अंधारात तपासत आणि तिथं ठिपकाच तेवढा दिसे, म्हणून तो त्यांचा लाडका होता. "काळूताई, तुला कोण बघतं?" तो फुलीला चिडवी.

एका भर दुपारी पांढऱ्या खडकावर बिबट्या गुराखीण पारूसमोर उभा ठाकला. मामांनी बेशुद्धीची सुई भरून दुर्बिणीला डोळा लावला आणि ते हादरले. "अरे देवा, ठिपका कुठं गेला?"

"इथंच आहे, मामा!" ठिपका जीव तोडून पेटला, तरी उन्हात दिसेना.

"माझ्यावरून नेम धरा," फुली म्हणाली.

मामांनी फुलीवरून नेम धरला, आणि सुई बिबट्याला लागली. पारूला सोडून तो झाडीत पळाला.

ठिपक्यानं हळूच विचारलं, "ताई, मामा मलाच शोधत बसले असते तर?"