टोपलीच्या तोंडाशी

पूर्वी मद्रदेशात सुवीर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने हिमालयातल्या एका थंड ओढ्यात ठिपकेदार माशाचा जन्म घेतला होता. काळ्या धोंड्याच्या आडोशाला त्याची जागा होती. बाजारात नाक्यावरचा गाळा असतो ना, तशीच ती जागा! पाणी संथ, आणि खाणे आपोआप दाराशी वाहत येणारे. लोहितक नावाचा तांबूस मासा तिच्यावर डोळा ठेवून होता.

शरद लागला. अंड्यांनी जड झालेल्या माद्या वरच्या स्वच्छ गोट्यांच्या तळाकडे निघाल्या, मागोमाग नर. पण वाटेत तिंदुक कोळ्याने फांद्यांचा बांध घातला होता. बांधाला एकच फट, आणि फटीत मासे धरायची वेताची टोपली.

पिंगला नावाची मादी कासावीस होऊन बोधिसत्त्वाला म्हणाली, "दादा, आज वर पोचले नाही तर अंडी इथंच चिखलात पडतील. एक जगायचं नाही."

"मग फटीतून चला की!" लोहितक म्हणाला. "जिथं पाण्याला जोर तिथं वाट, हीच आपली रीत."

"ती रीत कोळ्यालाही ठाऊक आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "पिंगले, काठाशी बांधाखाली नुसते गोटे आहेत. अंड्यांसाठी खळगा करता तसं आडवं पडा, शेपटीनं उकरा."

माद्या उकरू लागल्या. पण प्रवाहाची ओढच अशी, की दोन मासे नकळत टोपलीत शिरलेच. तेव्हा बोधिसत्त्व पुढे झाला आणि त्याने आपले थोरले अंग टोपलीच्या तोंडात घट्ट अडकवले. वेताची टोके कुशीत रुतली.

लोहितक धडका देऊ लागला. "सर, म्हाताऱ्या! आणि ऐकून ठेव, तुझा धोंडा आता माझा!"

"धोंडा घे. ही जागा मिळणार नाही."

इतक्यात पाण्यावर सावली पडली. तिंदुक आणि त्याची बायको सामा आली होती. सगळे मासे पांगले. पिंगला मात्र अर्धी बांधाखाली, अर्धी बाहेर अडकलेली.

"अहो, सावली पडली तरी हा पळत कसा नाही?"

"मेला असेल."

"मेलेला मासा शेपूट हलवतो होय? तिकडे काठाशी बघा, गोटे उडतायत. हा त्यांच्यासाठी दार अडवून बसलाय!"

तिंदुकाने टोपलीला हात घातला. "मग हिवाळ्यासाठी सुकवायचं काय? तुझं कौतुक?"

"राखण करणाऱ्याला मारून खाल्लेलं पचेल तुम्हाला?"

तिंदुकाने वाकून पाहिले. पाण्यात रक्ताची बारीक रेघ वाहत होती, पण मासा जागचा सरकत नव्हता. अखेर त्याने टोपली उपसली आणि तिन्ही मासे बांधाच्या वरच्या अंगाला सोडले. त्याच क्षणी पिंगला पार झाली. पुढे दर शरदात ती फट मोकळी राहिली.

त्या वर्षी हंगाम सरल्यावर बोधिसत्त्व वरून कृश होऊन परतला, तेव्हा धोंड्यामागे लोहितक होता. तो काही सरकला नाही. बोधिसत्त्व शेजारच्या उघड्या धारेत, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहिला.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "आज आपल्याला भिक्षा वाढणारे जोडपे ते तिंदुक आणि सामा. पिंगला ही आजची भिक्खुणी चित्तला. सकाळी सावलीतल्या जागेवरून भांडला तो भिक्खू सुमनक, तोच लोहितक. आणि तो ठिपकेदार मासा मी होतो."

सुमनक अंग चोरून हळूच उन्हात सरकला.

आपल्या सुखाची जागा सोडावी, पण दुसऱ्याच्या जिवाची जागा सोडू नये. यालाच अधिष्ठान, म्हणजे अढळ निश्चय, म्हणतात.